स्पीकर कुणाकुणाचं ऐकतो?

शाळेत कार्यक्रम असतो. कॉम्प्युटरला स्पीकर जोडलेले असतात. गाणं अजून लावलेलंही नसतं आणि स्पीकर आपणहून सूर धरतो : घूंऽऽऽ! कुणी म्हणतं, "बिघडला वाटतं." कुणी त्याच्या पाठीत एक थाप देतं. गंमत म्हणजे कधीकधी थापेने आवाज जातोही! का जातो, ते पुढे सांगतो. आधी हे बघू, की गाणं नसताना स्पीकरला बोलायला लावतं कोण?

स्पीकरच्या पोटात एक शंकू असतो, त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी असते आणि मागे लोहचुंबक. गुंडाळीतली वीज कमी-जास्त झाली की शंकू पुढे-मागे हलतो, हवा थरथरते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. ही वीज गाण्याची की आणखी कुणाची, हे त्या बिचाऱ्या शंकूला कळत नाही. त्यात कॉम्प्युटरकडून येणारा संकेत फार नाजूक, साधारण एक व्होल्ट किंवा त्याहूनही कमी. आणि शेजारच्या भिंतीत केवढी वीज? २३० व्होल्ट! त्या विजेचा कणभर अंश जरी संकेतात मिसळला, तरी अॅम्प्लिफायर गाण्याबरोबर त्यालाही मोठं करतो.

आता कान द्या. संकेतात असा गुपचूप शिरणाऱ्या प्रत्येक चोराचा आवाज वेगळा असतो.

पहिला चोर म्हणजे जाडसर, एकसुरी घूं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते, म्हणजे तिची वारंवारता ५० हर्ट्‌झ. म्हणून स्पीकरमधली घूं बहुधा ५० किंवा तिच्या दुप्पट, १०० हर्ट्‌झची असते. आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीत रस्त्याकडेच्या डीपीजवळून जाताना येणारी गुणगुण आठवते? तीही १०० हर्ट्‌झची. डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा विजेच्या प्रत्येक फेरीत दोनदा किंचित ताणतो आणि आकसतो, म्हणून दुप्पट.

अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची असते. म्हणजे देवरीतल्या घूंला 'सा' मानलं, तर तिकडच्या घूंचा सूर बरोबर कोमल गंधारावर पडेल! हार्मोनियमवर दोन्ही सूर वाजवून बघा. आणि आपला हा 'सा' एकट्या देवरीचा नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन जोडली गेली आणि दक्षिण भारताचं वीजजाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याला मिळालं. तेव्हापासून गोंदियाची वीज आणि कन्याकुमारीची वीज एकाच ठेक्यात चालते. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्री दंडार आणि नाटकं रंगतात. तिथे वीज जनरेटरची असेल, तर मात्र ठेका त्या जनरेटरचा. भार वाढला आणि इंजिन मंदावलं, की घूंचा सूरही उतरतो.

ही घूं स्पीकरमध्ये शिरते कुठून? पुष्कळदा अर्थिंगमधून. कॉम्प्युटर एका बोर्डावर आणि अॅम्प्लिफायर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर असेल, तर दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असू शकतो. मग त्या दोघांना जोडणाऱ्या ऑडिओ केबलच्या धातूच्या वेष्टनातून चोरटी वीज वाहू लागते. उपाय सोपा : दोन्ही एकाच बोर्डावर लावायचे. पण एक गोष्ट कधीही करू नका. थ्री-पिनमधली ती जाड, लांब पिन काढली की घूं थांबते, असं कुणी सांगेल. ती पिन आपला जीव वाचवण्यासाठी आहे. तिला हात लावायचा नाही.

दुसरा चोर म्हणजे खर्र... खट्... खर्र. केबल हलवली की हा येतो-जातो. पिन नीट बसलेली नाही किंवा आतली तार तुटत आली आहे. थापेने आवाज का जातो, कळलं? धक्क्याने सैल पिन क्षणभर जागेवर बसते. थाप विसरा, पिन घट्ट बसवा.

तिसरा चोर बारीक चींऽऽ करतो आणि माउस हलवला की सूर बदलतो. हा कॉम्प्युटरच्या पोटातला. प्रोसेसरचं काम वाढलं की तो जास्त वीज ओढतो, आणि त्याची चाहूल शेजारच्या साउंड सर्किटला लागते. यूएसबीला जोडायचं छोटं साउंड कार्ड घेतलं, तर हा बहुतेक वेळा गप्प होतो.

चौथा सगळ्यात मजेशीर : टिट्-टिट्-टिट् डर्रर्र! आणि लगेच जवळच्या मोबाइलची रिंग वाजते. स्पीकरला फोन आधी कसा कळला? जुन्या टूजी पद्धतीत मोबाइल सेकंदाला सुमारे २१७ वेळा रेडिओलहरींचे झटके सोडतो. केबल त्यांच्यासाठी अँटेना बनते आणि रिंग वाजण्याआधीच मोबाइल व टॉवरची बोलणी आपल्याला ऐकू येतात. फोन हातभर दूर नेला की डर्र संपली.

आता चोर पकडायची रीत. आवाज बारीक करा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या, तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घूं गेली? मग ती चार्जरच्या वाटेने येत होती. नाही गेली? ऑडिओ केबल कॉम्प्युटरमधून काढा. तरीही घूं चालूच राहिली, तर शंका केबलवर आणि स्पीकरवर. मात्र काढलेल्या पिनेच्या टोकाला बोट लावू नका. लागलंच, तर घूं एकदम वाढेल, कारण आपलं शरीरही घरातल्या तारांभोवतीचं विद्युत क्षेत्र टिपणारी अँटेनाच आहे! आणि स्पीकर किंवा चार्जर उघडायचा असेल, तर ते काम जाणत्या माणसाचं.

असेच एकेक चोर बाद करत एका माणसाने काय शोधलं, माहीत आहे? अमेरिकेत बेल टेलिफोन प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की नावाचा तरुण इंजिनिअर होता. समुद्रापार रेडिओवरून होणाऱ्या टेलिफोनमध्ये खरखर येई. ती कुठून येते, हे शोधायचं काम त्याच्याकडे आलं. त्याने गोल फिरणारी एक मोठी अँटेना बांधली. जवळच्या वादळांची खरखर सापडली, दूरच्या वादळांची सापडली. पण एक बारीक सूंऽऽ काही केल्या कुठल्याच वादळाला जुळेना. त्याला आधी वाटलं, सूर्याची असेल. पण ती रोज सुमारे चार मिनिटं लवकर येत होती. सूर्य असं करत नाही, तारे करतात! १९३३ मध्ये त्याने जाहीर केलं : हा आवाज आकाशगंगेकडून येतो आहे. रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात अशी एका खरखरीतून झाली.

आज आपल्या महाराष्ट्रात, नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी ही दुर्बीण तेच काम करते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातल्या रेडिओलहरी टिपतात. खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. तिच्यासाठी जागा निवडताना रेडिओचा गोंगाट कमी असलेला भाग मुद्दाम शोधला होता. स्पीकरला सतावणारा मोबाइल या दुर्बिणीलाही सतावतो, म्हणून तिच्या परिसरात फोन बंद ठेवायला सांगतात.

तर पुढच्या वेळी स्पीकर घोंघावला, की थाप मारण्याआधी वही काढा. आवाज कसा आहे, काय बदललं, काय झालं, सगळं लिहा. आवाज थांबला, तर चोर सापडला. आणि सगळे चोर एकेक करून बाद झाले तरी आवाज उरलाच, तर खूश व्हा. जान्स्कीचा खरा शोध तिथूनच सुरू झाला होता.