सगळ्याच घंटा तातडीच्या?

वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट होऊन २६ जण जखमी झाले. त्याआधीच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले. म्हणजे दर दोन-तीन सेकंदांना एक! त्यात महत्त्वाचा कोणता, हे ओळखणार कसे? सतत वाजणाऱ्या घंटेला मेंदू सरावतो आणि दाद देईनासा होतो. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांनाही हा ‘अलार्मचा थकवा’ जाणवतो.

म्हणून पॅनेलवर अलार्म ठेवताना एकच प्रश्न विचारावा: तो वाजल्यावर माणसाने नेमके काय करायचे? उत्तर नसेल, तर नुसती नोंद पुरे. मर्यादेच्या काठावर आकडा वरखाली होत असेल, तर काही सेकंदांचा विलंब ठेवावा. ‘अतितातडीचे’ हा शिक्का मोजक्याच अलार्मना द्यावा.