राजधानी बुडतेय म्हणून नवं शहर! इंडोनेशियाचा जकार्ता ते नुसांतारा प्रवास

इंडोनेशियाची राजधानी कोणती? शाळेत पाठ केलेलं उत्तर म्हणजे जकार्ता. पण हे उत्तर लवकरच बदलू शकतं. बोर्निओ बेटावरच्या जंगलात 'नुसांतारा' नावाची नवी राजधानी उभी राहतेय. आणि या देशाला राजधानी हलवणं नवीन नाही.

जकार्ता हे नाव कुठून आलं?

सुंदा केलापा नावाच्या बंदराला १५२७ मध्ये 'जयकर्ता' हे नाव मिळालं. त्यातला 'जय' आपल्या ओळखीचाच, संस्कृतमधला. १६१९ मध्ये डचांनी हे शहर उद्ध्वस्त करून तिथे 'बटाव्हिया' वसवलं. दुसऱ्या महायुद्धात जपानी आले आणि नाव झालं जकार्ता.

राजधानी याआधी कधी हलली?

१७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, पण डच परतले. म्हणून जानेवारी १९४६ मध्ये सरकार योग्यकार्ताला गेलं. डिसेंबर १९४८ मध्ये डचांनी तेही जिंकलं, राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांना अटक झाली. तेव्हा सुमात्रातल्या बुकिटिंगीतून हंगामी सरकार चाललं. १९४९ च्या अखेरीस सरकार जकार्तात परतलं.

मग आता का हलवायची?

नळाचं पाणी सगळ्यांपर्यंत पोहोचत नसल्याने जकार्तात वर्षानुवर्षं बोअरवेलने भूजल उपसलं गेलं. त्यामुळे जमिनीखालचे मातीचे थर दबले आणि शहर खचू लागलं. काँक्रीटमुळे पावसाचं पाणीही फारसं मुरत नाही. वरून समुद्राची पातळी वाढतेय. शिवाय देशाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या एकट्या जावा बेटावर आहे.

२०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी स्थलांतराची घोषणा केली, २०२२ मध्ये कायदा झाला. अंदाजे खर्च ४६६ लाख कोटी रुपिया. २०२४ चा स्वातंत्र्यदिन नुसांतारामध्येही साजरा झाला. आता २०२८ पर्यंत ती 'राजकीय राजधानी' करण्याचं लक्ष्य आहे.

किंमत कोण मोजणार?

नुसांताराच्या जागी माणसं आधीपासून राहतात. तिथल्या बालिक या आदिवासी समाजाला आपली जमीन जाण्याची भीती आहे. दुसरीकडे, मंत्रालयं हलली तरी जकार्तातले एक कोटीहून अधिक लोक तिथेच राहणार. फायली विमानाने नेता येतात, अख्खं शहर नाही. त्यामुळे राजधानी कुठेही गेली, तरी घरोघरी नळ पोहोचवून बोअरवेल थांबवणं हे काम जकार्ताला करावंच लागेल.