ओढण्यापेक्षा तोलण्याचा प्रश्न

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्याच्या पश्चिम भागात ब्लॅक हिल्स या नावाची जी डोंगरराजी आहे, तिच्या ग्रॅनाइटच्या सुळक्यांमधून वळणे घेत जाणारा नीडल्स हायवे हा रस्ता १९२२ साली पुरा झाला. राज्याचे गव्हर्नर व पुढे सिनेटर झालेले पीटर नॉर्बेक यांनी पायी आणि घोड्यावरून हिंडून त्याचा मार्ग आखला. त्यावरील बोगद्यांपैकी एक जेमतेम ८ फूट रुंदीचा आहे, आणि स्वयंपाकघर, शय्या व स्नानगृह पोटात घेऊन फिरणारे मोठे मोटरहोम साडेआठ फूट रुंद असते; तेव्हा घर चाकांवर घेऊन हजार मैल आलेल्या प्रवाशाला या रस्त्याचे खरे सौंदर्य पाहायचे, तर घर पायथ्याशी ठेवून दुसरे वाहन काढावे लागते. जवळच्या स्टर्जिस गावात १९३८ पासून मोटरसायकलस्वारांचा जो मेळावा ऑगस्ट महिन्यात भरत आला आहे, त्याला येणाऱ्यांत वयाने पोक्त झालेले, लांबचा पल्ला मोटरहोमने गाठणारे आणि मोटरसायकल मागे छोट्या ट्रेलरवर लादून आणणारे लोक पुष्कळ दिसतात, त्याचे कारण हेच.

असा ट्रेलर घेताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो, आपल्या मोटरहोमला तो ओढवेल काय, हा; आणि माझ्या मते सर्वांत कमी महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. मोटरहोमांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या फोर्ड ई-४५० या सांगाड्याचे उदाहरण घेऊ. त्याचे स्वतःचे, सामानासकट, अनुज्ञेय वजन १४,५०० पौंड, म्हणजे सुमारे ६,५८० किलो, आणि ओढलेल्या वाहनासह एकूण अनुज्ञेय वजन २२,००० पौंड, म्हणजे सुमारे ९,९८० किलो असते. उलटपक्षी, लांब प्रवासाची भारदस्त मोटरसायकल ४०० किलोची, तिचा उघडा ट्रेलर २५० किलोचा आणि किरकोळ सामान ५० किलोचे धरले, तरी बेरीज ७०० किलोपलीकडे जात नाही. ती मोटरहोमच्या नवव्या हिश्श्याहूनही कमी भरते. इंजिनाच्या ताकदीचा हिशेब येथेच निकालात निघतो. निकालात निघत नाही तो भार कोठे आणि कसा टेकतो हा हिशेब, आणि ट्रेलरची निवड वस्तुतः त्याच्यावर व्हावयास हवी.

ट्रेलरची कटकटच नको म्हणून हिचमध्ये, म्हणजे ट्रेलर जोडण्याच्या मागच्या जोडणीत, एक पोलादी पाळणा खुपसून मोटरसायकल मोटरहोमच्या पाठीशी आडवी टांगण्याची तजवीज पुष्कळांना मोहक वाटते. हिचवरच्या पट्टीवर ५,००० पौंड हा आकडा कोरलेला पाहून ४०० किलोंची चिंता करण्याचे कारण नाही असा त्यांचा समज होतो. परंतु तो आकडा ओढण्याचा असतो, आणि त्याच पट्टीवर खाली बहुधा ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो, असा जो दुसरा आकडा असतो तो उभ्या भाराचा, आणि येथे लागू पडणारा तोच. शिवाय तरफेचा नियम आपला अंमल सोडीत नाही. पुढच्या व मागच्या आसांत साडेपाच मीटरांचे अंतर असलेल्या मोटरहोमात पाळण्यासह ५०० किलोंचे ओझे मागच्या आसाच्या ३.९ मीटर मागे टांगले, तर मागच्या आसावर ५०० नव्हे, सुमारे ८५५ किलो वाढतात आणि वरचे ३५५ किलो पुढच्या, म्हणजे वळवणाऱ्या चाकांवरून उचलले जातात. घाटातल्या वळणावर ज्या चाकांनी रस्ता घट्ट धरावयाचा त्यांचीच पकड अशी सैल करून घेणे मला अक्षम्य वाटते. हलक्या मोटरसायकलींसाठी, आणि तेही दोन्ही आकडे काट्यावर पडताळून, पाळणा ठीक; भारदस्त यंत्रासाठी ट्रेलरच हवा.

आता ट्रेलरकडे वळू. बैलगाडीत माल मागे अधिक भरला की जू वर उचलले जाऊन गाडी उलाळ होते, आणि पुढे अधिक भरला की सारे ओझे बैलांच्या मानेवर येते. हा तोल आपल्याकडचा गाडीवान शतकानुशतके ओळखीत आला आहे, आणि एका आसाच्या ट्रेलरचे मर्मही तेच आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीतून हिचच्या बॉलवर पडला पाहिजे, हा सर्वमान्य दंडक आहे. आपल्या ७०० किलोंच्या उदाहरणात तो ७० ते १०५ किलो होतो.

हा दंडक का, हे समजून घेण्यासारखे आहे. वाऱ्याच्या झोताने अथवा शेजारून गेलेल्या ट्रकच्या धक्क्याने ट्रेलर किंचित बाजूला वळला, की त्याचे टायर रस्त्याशी तिरपे होतात आणि त्या तिरकस कोनातून उत्पन्न होणारे बल त्याला पुन्हा सरळ रेषेत आणते. मात्र आपल्या जडत्वामुळे तो मध्यावर न थांबता पलीकडे जातो आणि झोके घेऊ लागतो. मंद वेगात हे झोके लवकर शमतात. परंतु आडवे सरकण्याचा वेग तोच राहून पुढे जाण्याचा वेग वाढला, की त्या सरकण्यामुळे टायर आणि रस्ता यांत पडणारा जादा कोन लहान होतो. आणि शमवणारे बल त्या कोनावरच अवलंबून असल्यामुळे झोके आवरण्याची शक्ती वेगाबरोबर घटत जाते. अखेर एक मर्यादा अशी येते की तिच्यापलीकडे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. गुरुत्वमध्य आसाच्या मागे असेल तर ही मर्यादा भलतीच अलीकडे येते. तो आसाच्या थोडा पुढे असेल, दांडी लांब असेल आणि जड वस्तू दोन्ही टोकांना न विखुरता आसाजवळ एकवटलेल्या असतील, तर ती दूर ढकलली जाते. झोके सुरू झालेच, तर सुकाणू फिरवून त्यांना उत्तर देऊ नये व ब्रेकवर जोरात पाय मारू नये; प्रवेगकावरचा पाय सावकाश काढावा, आणि ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असल्यास तेवढेच हाताने लावावेत. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना ताशी ५५ मैलांची हद्द आहे, आणि तिच्यामागे शास्त्राचा आधार आहे असे मी मानतो.

विकत घेताना म्हणून पाहावयाचे ते हे, की मोटरसायकलच्या पुढच्या चाकाला धरून ठेवणारी खोबण पुढे-मागे सरकवता येते की नाही. बॉलपासून आसापर्यंत अडीच मीटर अंतर असेल, तर ४०० किलोंची मोटरसायकल केवळ १५ सेंटिमीटर पुढे सरकवल्याने दांडीवरचा भार २४ किलोंनी वाढतो. तो मोजण्यास घरातला वजनकाटा पुरतो. एका फळीचे एक टोक विटेवर व दुसरे काट्यावर टेकवावे, आणि दांडी विटेपासून एक फूट व काट्यापासून दोन फूट अंतरावर फळीवर उतरवावी. काट्यावर दिसेल त्याच्या तिप्पट, फळीचा स्वतःचा भार आधी वजा करून, तो दांडीचा भार. मोजताना ट्रेलर समपातळीत हवा, आणि मोटरसायकल प्रवासात असेल तशीच बांधलेली हवी.

मोटारीमागच्या ट्रेलरहून मोटरहोममागचा ट्रेलर एका बाबतीत अधिक धोक्याचा आहे, आणि या गोष्टीचा पुरेसा विचार होत नाही असे मला कळकळीने वाटते: चालकाला तो जाणवतच नाही. नऊपट जड वाहनात बसलेल्या माणसाला मागचा टायर फुटल्याचा धक्का लागत नाही, आणि अरुंद ट्रेलर मोटरहोमच्या रुंद पाठीआड लपल्यामुळे आरशातही दिसत नाही. यास्तव मागे पाहणारा कॅमेरा आणि टायरमधील हवेचा दाब सांगणारे संवेदक यांना मी चैनीत गणीत नाही. चाकांचा आकारही याच दृष्टीने निवडावा. ताशी १०० किलोमीटर वेगात मोटरहोमचे चाक मिनिटाला सुमारे ७०० फेरे घेते, तर ८ इंची रिमचे चिमुकले चाक जवळजवळ १,३०० फेरे घेते. बेअरिंगवर आणि टायरवर तितकी उष्णता अधिक. १२ किंवा १३ इंची रिम असलेला ट्रेलर थोडा उंच पडला तरी दूरच्या पल्ल्यास तोच घ्यावा, आणि प्रत्येक मुक्कामी चाकाच्या तुंब्याजवळ सावधपणे हात नेऊन तो कढत तर झाला नाही ना, हे पाहावे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. ट्रेलरचे टायर झिजण्यापूर्वी वयानेच निकामी होतात, म्हणून जुना ट्रेलर घेताना नक्षीच्या खोलीइतकेच हे आकडेही वाचावेत.

अधिक क्षमतेचा आस घेतला की अधिक सुरक्षितता, असे मात्र नाही. दीड टनासाठी बनवलेल्या पाट्याच्या स्प्रिंगा निम्म्या भाराने दबतच नाहीत. ट्रेलर खड्ड्याखड्ड्यावर उसळतो आणि पट्टे सैल होतात. पोकळ चौकोनी नळीत रबराचे दांडे दाबून बसवलेला, पीळ देऊन लवचीकता साधणारा आस अशा हलक्या ट्रेलरना चांगला मानवतो. लहान ट्रेलरवर २,९९० पौंड हा चमत्कारिक आकडा वारंवार आढळतो, कारण पुष्कळ राज्यांत ३,००० पौंडांपासून ब्रेक सक्तीचे होतात. कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांची कडक सीमा आहे ती राहण्याच्या व तळ ठोकण्याच्या ट्रेलरांना; मोटरसायकल वाहणाऱ्या ट्रेलरला तेथेही ३,००० पौंडांचीच सीमा लागू पडते, आणि आपल्या उदाहरणातील ट्रेलर तिच्या पुष्कळ खाली राहतो. कायद्याने मुभा असली तरी डोंगराळ मुलखात जाणाऱ्याने ब्रेक घ्यावेतच, आणि ट्रेलर सुटल्यास ते आपोआप लागण्याची योजना बॅटरीसह तपासावी.

मोटरहोमची सपाट पाठ आपल्यामागे कमी दाबाचा भोवरा ओढीत नेते, आणि रस्त्यावरची धूळ, चिखल व इंजिनाची काजळी त्यात वर खेचली जाऊन नेमकी मोटरसायकलवर बसते. बंदिस्त पेटीसारखा ट्रेलर हे टाळतो व चोरीलाही आळा घालतो, पण तो वजनाने दुप्पट भरतो आणि आडव्या वाऱ्याला सारी बाजू देतो. मी उघडा ट्रेलर व पुढच्या बाजूस दगड अडवणारा पडदा पसंत करीन.

चढवण्याच्या वेळी माणसाला इजा होते, म्हणून तेथे काटकसर नको. अर्धा मीटर उंचीच्या फलाटावर दोन मीटरांच्या रॅम्पने ४०० किलो चढवायचे तर सुमारे १०० किलोंचा जोर लागतो. अडीच मीटरांच्या रॅम्पने ८०. रॅम्प चाकापुरता अरुंद असला आणि मध्येच थांबावे लागले, तर पाय टेकायला जमीन नसते. फलाटच जमिनीपर्यंत कलणारा अथवा खाली उतरणारा ट्रेलर महाग पडतो, पण एकट्याने चढवणाऱ्याला तोच योग्य. बांधण्यासाठी चार पट्टे, पुढचे दोन बाहेर व पुढे ताणलेले, मोटरसायकलचे पुढचे स्प्रिंग निम्मे दबेपर्यंत. आणि पट्टे पॉलिएस्टरचे, कारण नायलॉन ओले झाले की ताणते.

आखूड ट्रेलर मागे घेताना क्षणात दुमडतो आणि मोटरहोमच्या मागच्या कोपऱ्यावर आदळतो. यावर उपाय सोपा आहे, आणि तो ट्रेलर हलका असल्यामुळेच शक्य होतो: मुक्कामाच्या जागी मोटरसायकल उतरवावी, साखळ्या व विजेची तार सोडवून ट्रेलर बॉलवरून काढावा, आणि दांडीला बसवलेल्या लहान चाकावर तो हाताने ढकलून जागी लावावा, हे चाक ट्रेलरबरोबर येत नसेल तर विक्रेत्याकडून खरेदीच्याच वेळी बसवून घ्यावे.