परीक्षेची दुसरी संधी

साताऱ्यांतील किंवा सांगलींतील एखाद्या घरीं प्रवेशपरीक्षेचा निकाल येतो. मुलाचें पर्सेंटाइल ९५ असतें, आणि वडील मंडळी समजतात कीं, शंभरांपैकीं ९५ गुण मिळाले! वस्तुतः पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत. तें रांगेंतील स्थान होय. एका सत्रांत ३०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांपैकीं २८,५०० जणांचे गुण त्या मुलाइतके अथवा त्याहून कमी भरले, म्हणजे त्याचें पर्सेंटाइल ९५ होतें. मग प्रत्यक्ष गुण निम्मेच कां असेनात!

अशा वेळीं घरांत प्रश्न उभा राहतो : परीक्षा पुन्हां द्यावी काय? याचें उत्तर परीक्षेपरीक्षेगणिक निराळें आहे.

जेईई मेन ही परीक्षा २०१९ पासून वर्षांतून एकाहून अधिक वेळां होऊं लागली. विद्यार्थी दोन्ही सत्रांस बसला, तर त्यांतील अधिक चांगला निकालच क्रमवारीसाठीं धरतात. दुसऱ्या खेपेस गुण वाढूनही पर्सेंटाइल उतरूं शकतें, कारण इतरांचीही तयारी वाढलेली असते. परंतु पहिली कमाई बुडत नाहीं.

महाविद्यालयास कोणते गुण कळवावे, ही चिंता अमेरिकेंत मोठी असते. तेथें सॅट परीक्षेचे कोणते गुण पाठवावे हें बहुधा विद्यार्थी ठरवितो, आणि कांहीं विद्यापीठें मात्र सर्वच निकाल मागतात. आपल्याकडे ही निवड विद्यार्थ्यास करावी लागत नाहीं. १९४७ सालीं स्थापन झालेल्या सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेंतून होतात. विद्यार्थी एकच अर्ज भरतो, महाविद्यालयांचा पसंतीक्रम लिहितो, आणि गुणवत्ता यादीप्रमाणें जागा मिळते.

वैद्यकाची वाट वेगळी. नीट परीक्षा वर्षांतून एकदांच घेण्याचा प्रघात आहे, आणि तिचे गुण त्याच वर्षाच्या प्रवेशापुरते चालतात. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची आस धरून जो पुन्हां बसतो, त्याचें एक संपूर्ण वर्ष खर्चीं पडतें, आणि जुने गुण पुढील वर्षीं उपयोगीं पडत नाहींत. येथें हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागण्याचा धोका खरा आहे.

म्हणून निर्णय घेण्यापूर्वीं एकच गोष्ट विचारावी : पहिला निकाल शिल्लक राहतो कीं जातो? राहत असेल, तर दुसरी परीक्षा निर्धास्तपणें द्यावी. जात असेल, तर मुलाच्या तयारीचा आणि मनाचा अंदाज घेऊन मगच पाऊल उचलावें.