क्लच दोन, पेडल एकही नाही

सौंदडच्या धानउत्पादकाला ‘ड्युअल क्लच’चं कौतुक सांगायला जाऊ नका. ट्रॅक्टरवर तो ते केव्हापासून वापरतोय: पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, रोटाव्हेटर फिरत राहतो; पूर्ण दाबलं की दोन्ही बंद. साकोलीकडून येऊन देवरीकडे सुसाट निघणाऱ्या महामार्ग ५३ वरच्या काही ऑटोमॅटिक गाड्यांतले दोन क्लच मात्र वेगळ्याच कामाचे. तिथे क्लचचं पेडलच नसतं.

एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. गाडी तिसऱ्यात धावत असतानाच चौथा लागून तयार असतो. रोवणी करणारी बाई एक रोप चिखलात खोचते तेव्हा पुढचा पऱ्हा तिच्या बोटांत आलेला असतो ना, तसंच. मग एक क्लच सुटतो, दुसरा धरतो. इंजिनाचा जोर जवळपास न तुटता चाकांपर्यंत पोचतो. फजिती होते ती अंदाज चुकला की! धानाच्या ट्रकमागे रेंगाळताना कॉम्प्युटरने चौथा लावून ठेवलाय आणि तुम्ही ओव्हरटेकसाठी पाय दाबलात. आता हवा दुसरा. तोही समच, म्हणजे त्याच क्लचवरचा. गाडी क्षणभर विचारात पडते.

साध्या ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं. एक पंखा ते भिरकावतो, दुसरा त्याच्या जोरावर फिरतो. रांगत्या ट्रॅफिकमध्ये काही झिजायचा प्रश्न नाही. ही कल्पना हेर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरची, १९०५ ची, आणि तीही जहाजांसाठी!

दोन क्लचची कल्पना १९३९ ची. ती मांडणारे आडोल्फ केग्रेस हे फ्रेंच गृहस्थ एकेकाळी रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळत. त्याच वर्षी जनरल मोटर्सने हायड्रा-मॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. तो धडाक्यात खपला. केग्रेसची कल्पना मात्र पडून राहिली. पोर्शेने १९८६ मध्ये मोंझाची शर्यत दोन क्लचवर जिंकली, पण सामान्य विक्रीच्या मोटारीत ती आली २००३ मध्ये, फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मधून.

आता आपल्या चाकणकडे या. तिथल्या फोक्सवॅगनच्या पोलो जीटी टीएसआयला २०१३ मध्ये सात गिअरचा ड्युअल क्लच होता. २०२० मध्ये इंजिन बदललं आणि त्याच नावाच्या गाडीत सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आला. नाव तेच, ‘जीटी’चा रुबाब तोच! २०२२ च्या व्हर्टसमध्ये तर दोघेही हजर: एक लिटर इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर, दीड लिटरच्या १५० पीएसला ड्युअल क्लच.

टाटांची गंमत याहून न्यारी. २०२२ मध्ये अल्ट्रोझच्या ८६ पीएसच्या शांत पेट्रोल इंजिनाला ड्युअल क्लच मिळाला; २०२४ मध्ये ‘रेसर’ नावाची १२० पीएसची अल्ट्रोझ आली ती फक्त मॅन्युअल. रेसरला हातानेच गिअर टाकायला लावणं मला तरी आवडलं.

पण खरा धक्का बीएमडब्ल्यूने दिला. २०११ च्या एम५ मध्ये ड्युअल क्लच होता. २०१७ च्या एम५ मध्ये कंपनी चक्क आठ गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरवर परतली. शून्य ते शंभरची वेळ साडेचार सेकंदांच्या आसपास होती, ती ३.४ वर आली. श्रेयातला मोठा वाटा चारही चाकांना मिळालेल्या ताकदीचा, हे खरं. पण ऑटोमॅटिक म्हणजे आळशी, हा शेरा आता पुसून टाकायला हवा.

मोकळ्या हायवेवर गिअर बदलतानाची ती चटक हवी असेल तर ड्युअल क्लच घ्या. रोज नागपूर-पुण्याच्या गर्दीत रांगायचं असेल तर टॉर्क कन्व्हर्टरच बरा. आणि ड्युअल क्लच घेतलीच, तर चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. ब्रेक दाबा, क्लच तापून झिजतो तो तिथेच.