एक मिलिमीटर म्हणजे फार झालं

बारा इंची एलपीची एक बाजू बावीस मिनिटांची धरली, तर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीनं तबकडी ७३३ वेळा फिरते. त्या फेऱ्या उलगडून सरळ मांडल्या तर खाच पावणेपाचशे मीटर भरते! तिची रुंदी मात्र ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाहूनही कमी. १००० हर्ट्झचा बऱ्यापैकी मोठा स्वर, सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाचा, सुईला मधल्या जागेपासून फक्त ८ मायक्रॉन हलवतो. त्याहून ६० डेसिबल हळू स्वर? ८ नॅनोमीटर. हिरव्या प्रकाशाची लहरसुद्धा याच्या साठपटींहून लांब असते.

सुईखालून खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला ५१ सेंटिमीटर धावते, शेवटी २१. त्यामुळे १०,००० हर्ट्झची लहर बाहेर ५१ मायक्रॉन लांब, तर आत जेमतेम २१. ख्यालाच्या एलपीवर विलंबित ऐसपैस जागेत असतो आणि द्रुतातल्या ताना नेमक्या या दाटीत. सुई धरणारी कार्ट्रिज तिरकी बसली असेल तर फाटतात त्या तानाच.

खाच कोरणारं यंत्र सरळ रेषेत सरकतं, आपला टोनआर्म कमानीत फिरतो. कोन तंतोतंत जुळतो तो फक्त दोन जागी. एरिक लॉफग्रेन यांनी १९३८ साली हे गणित मांडलं. आजच्या प्रमाण मापांनी ते दोन बिंदू केंद्रापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतात. मी आकडेमोड केली: २३० मिलिमीटरच्या आर्मवर कार्ट्रिज एक मिलिमीटर पुढे सरकली की बाहेरच्या कडेला कोन ०.३ अंशानं बदलतो, पण ६६ मिलिमीटरवर ०.८ अंशानं. अचूक बसवलेल्या आर्मचीही कमाल चूक दोन अंशांच्या आसपास असते, हे ध्यानात घ्या.

आता कार्ट्रिज अचूक बसवायची साधनं. टेक्निक्स एसएल-१२०० सोबतचं ५२ मिलिमीटरचं प्लॅस्टिकचं माप झटपट काम करतं, पण ते त्याच आर्मपुरतं. हे दोन बिंदू आखलेला, कागदावर छापलेला प्रोट्रॅक्टर फुकट मिळतो. मात्र प्रिंटरनं पान ९७ टक्क्यांवर आणलं की १२१चा बिंदू ११७वर जातो. शिवाय अर्ध्या मिलिमीटरची छापील रेघ चार खाचा झाकते. माझा कौल आपल्याच आर्मच्या मापानं आखलेल्या, आरशावरच्या बारीक कमानीला. सुई आणि तिचं प्रतिबिंब एका रेषेत आलं की नजरेचा तिरपेपणा उरत नाही. सतत आर्म बदलणाऱ्यांनीच महागड्या धातूच्या साधनांकडे वळावं.

कागदच वापरायचा असेल, तर आधी स्टीलच्या पट्टीनं तो मोजा. भिंग घ्या, कार्ट्रिजच्या खोक्याकडे न बघता सुईच्या दांडीकडे बघा. आणि पारख करायला रेकॉर्डचा शेवटचा तुकडा लावा, पहिला नको.