‘सेवेत’ आणि ‘सेवेमुळे’ : सैनिकांच्या अपंगत्व-निवृत्तिवेतनाच्या अपिलांतील अर्थविचार

‘सेवेत आजार झाला’ आणि ‘सेवेमुळे आजार झाला’ ह्या दोन मराठी वाक्यांत भेद आहे तो केवळ एका पदाच्या शेवटाचा. पहिल्या वाक्यातील सप्तमी अधिकरण दाखविते. दुसऱ्यातील ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय कारण सांगते. व्याकरणाच्या वर्गात हा भेद सांगून होण्यास पाच मिनिटे पुरतात. परंतु वैद्यकीय कारणास्तव भारतीय सैन्यातून बाहेर पडलेल्या जवानाचे अपंगत्व-निवृत्तिवेतन पुष्कळ वेळा ह्या भेदावरच अडून राहते आणि तो भेद मिटविण्यात अपिलांची वर्षेच्या वर्षे जातात. हा प्रश्न वैद्यक आणि विधी ह्यांचा आहेच. पण त्याच्या मुळाशी शब्दार्थाचा प्रश्न आहे. तो कसा, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१९६१ च्या सैन्य निवृत्तिवेतन नियमावलीतील १७३ वा नियम ह्या विषयाचा पाया होय. युद्धेतर कारणाने आलेले अपंगत्व लष्करी सेवेस ‘अॅट्रिब्यूटेबल’ असेल किंवा तिच्यामुळे ‘अॅग्रॅव्हेटेड’ झालेले असेल, आणि त्याचे प्रमाण २० टक्के किंवा अधिक असेल, तर निवृत्तिवेतन द्यावे, असा त्याचा आशय आहे. ह्यांपैकी दुसरा शब्द सोपा आहे. आधीचा आजार सेवेमुळे बळावला, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या शब्दाचे स्वरूप मात्र वेगळे आहे. त्याला मराठीत ‘आरोप्य’ म्हणता येईल. ज्वर किंवा अस्थिभंग ह्यांसारखा तो शरीरावर दिसणारा गुण नव्हे. कोणीतरी कारणाचा आरोप करावा लागतो, तेव्हाच एखादी गोष्ट आरोप्य ठरते. आणि तो आरोप कोणी, कोणत्या पुराव्यावर करावयाचा, हे त्या शब्दात कोठेच सांगितलेले नाही. दोन्ही अटी नाकारल्या गेल्या की इंग्रजी आद्याक्षरांवरून कागदावर ‘नाना’ असा शेरा येतो. ‘ना आरोप्य, ना वृद्धिंगत’ असा त्याचा अर्थ. चार अक्षरांच्या त्या संक्षेपात कारणमीमांसेला जागाच उरत नाही.

शब्दातील ही उणीव भरून काढण्याचे काम १९८२ च्या पात्रता-नियमांनी केले. त्यांची युक्ती गृहीतकाची होती. भरतीच्या वेळी ज्या दोषाची नोंद झालेली नाही, तो त्या वेळी नव्हता असे धरावे. आणि पुढे वैद्यकीय कारणास्तव सेवा संपली, तर प्रकृतीतील ऱ्हास सेवेमुळे झाला असे धरावे, हे पाचव्या नियमाचे सूत्र. आपली पात्रता सिद्ध करण्यास दावेदारास सांगू नये व रास्त संशयाचा लाभ त्यास द्यावा, असे नवव्या नियमात म्हटले. ‘संशयाचा फायदा’ हा शब्दप्रयोग मराठी वाचकास फौजदारी खटल्यांच्या वृत्तांतून परिचित आहे. तेथे त्याने आरोपी सुटतो. येथे त्याने दावेदारास वेतन मिळते. दोन्ही ठिकाणी तत्त्व मात्र एकच : अज्ञानाचा भार दुर्बल पक्षावर पडू नये.

तथापि त्याच नियमांत विरुद्ध दिशेने ओढणारी वचनेही होती. चौदाव्या नियमानुसार भरतीच्या वेळी नोंद नसलेला रोग सामान्यतः सेवेत उद्भवला असे मानावयाचे. परंतु तो त्या वेळच्या तपासणीत कळून येणेच शक्य नव्हते असे वैद्यकीय मत ‘कारणे देऊन’ व्यक्त झाले, तर तसे मानावयाचे नाही. शिवाय रोग सेवेत उद्भवला एवढे पुरेसे नसून, सेवेच्या परिस्थितीने त्याच्या उद्भवास हातभार लावला हेही दिसले पाहिजे, असेही तेथे सांगितले होते. म्हणजे पाचवा नियम ‘सेवेत’कडून ‘सेवेमुळे’कडे जाणारा पूल बांधतो, आणि चौदावा त्या पुलावर चौकी बसवितो. वादांची बीजे ह्या विसंगतीत होती.

सर्वोच्च न्यायालयाच्या २ जुलै २०१३ च्या निर्णयाचे महत्त्व ह्या संदर्भात ध्यानात येते. १९८५ साली भरती झालेल्या एका शिपायास सुमारे नऊ वर्षांनंतर अपस्मारामुळे सेवेतून कमी करण्यात आले. अपंगत्व २० टक्के ठरले. परंतु त्याचा सेवेशी संबंध नाही, असे वैद्यकीय मंडळाने लिहिले व निवृत्तिवेतन नाकारले गेले. उच्च न्यायालयात एकल न्यायाधीशांनी दावा मान्य केला. खंडपीठाने तो निर्णय फिरविला. सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निर्णय रद्द केला. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नव्हती, ती का नव्हती ह्याचे कारण मंडळाने दिले नव्हते, आणि गृहीतक खोडून काढण्याची जबाबदारी शासनाची होती, हा त्या निर्णयाचा गाभा. मंडळाचे मत चूक आहे असे न्यायालयाने म्हटले नाही; ते मत कारणांवाचून लिहिले गेले, म्हणून ते गृहीतकास बाधा आणू शकत नाही, असे म्हटले. हा फरक सूक्ष्म असला तरी महत्त्वाचा आहे.

वैद्यकीय कागदांत अशा प्रसंगी वारंवार येणारा एक शब्द म्हणजे ‘कॉन्स्टिट्यूशनल’. इंग्रजीत तो राज्यघटनेशी संबंधित ह्या अर्थी येतो, तसाच शरीरप्रकृतीशी संबंधित ह्या अर्थीही येतो. मराठीत त्याला ‘प्रकृतिजन्य’ म्हणावे लागेल. रोग प्रकृतिजन्य आहे असे म्हणणे म्हणजे तो जवानाने घरून आणला असे म्हणणे. शब्द शास्त्रीय दिसतो, म्हणून तेच कारण आहे असा भास होतो. वस्तुतः तो निष्कर्षच असतो.

२००८ च्या नियमांनी पारडे पुन्हा हलविले. केवळ सेवाकाळात रोग प्रकट झाला एवढ्यावरून तो सेवेस आरोप्य ठरत नाही, असे वचन त्यांत आले. १ जानेवारी २००८ रोजी किंवा त्यानंतर सेवा संपलेल्यांस ते लागू झाले. सामान्यतः दावेदाराकडून सिद्धता मागू नये, हे तत्त्व राहिले. पण दावा पंधरा वर्षांनंतर केला आणि तोवर सेवेचे कागद नियमानुसार नष्ट झाले असतील, तर सिद्धतेचा भार दावेदारावर टाकण्यात आला. २१ सप्टेंबर २०२३ पासून आणखी नवे नियम अंमलात आले. अपंगत्व असूनही सेवेत राहून मग निवृत्त होणाऱ्यांस मिळणाऱ्या रकमेस त्यांनी ‘इंपेअरमेंट रिलीफ’ असे नाव दिले. निवृत्तिवेतन ही कृपा नसून हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगितले होते. ‘वेतन’ जाऊन ‘साहाय्य’ आले म्हणजे हक्क गेला, असे होत नाही. तरी ‘वेतन’ ह्या शब्दात कमावल्याचा जो ध्वनी आहे, तो ‘साहाय्या’त नाही.

दावा फेटाळला गेल्यावरचा मार्ग असा : प्रथम विभागांतर्गत पहिले अपील, मग दुसरे अपील, ह्या दोन्हींचा निर्णय समित्या करतात. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. २००७ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या ह्या न्यायाधिकरणाचे काम ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झाले. त्याचे मुख्य पीठ दिल्लीस असून एक प्रादेशिक पीठ मुंबईस आहे. पीठावर एक न्यायिक व एक प्रशासकीय सदस्य बसतो. प्रशासकीय सदस्य हा सामान्यतः निवृत्त वरिष्ठ सेनाधिकारी असतो. तेथून पुढे कोठे जावयाचे, हा प्रश्नही वादाचाच होता. उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत पडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले. मार्च २०२३ मध्ये मात्र उच्च न्यायालयांचा घटनादत्त अधिकार कायम असल्याचे त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. दूरच्या गावातील जवानास दिल्लीपेक्षा आपल्या राज्यातील उच्च न्यायालय गाठणे सोपे, हे सांगावयास नको.

ह्या लढ्याचे आर्थिक मोल किती? सहाव्या वेतन आयोगानंतरच्या प्रमाणानुसार युद्धेतर अपंगत्व १०० टक्के असेल, तर अपंगत्वाचा अंश अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के धरला जातो. त्या हिशेबाने २० टक्के अपंगत्वास वेतनाच्या ६ टक्के मिळावयाचे. परंतु ३१ जानेवारी २००१ च्या शासकीय पत्राने ५० टक्क्यांखालील अपंगत्व ५० टक्के मानण्याची सवलत दिली. त्यामुळे ६ चे १५ टक्के होतात. ही सवलत मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांसही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी ठरविले. दुसऱ्या बाजूस, उशिरा न्यायालयात आलेल्यास थकबाकी सामान्यतः मागील तीन वर्षांपुरतीच मिळावी, असे त्याच न्यायालयाचे २००८ चे मत आहे. म्हणजे वीस वर्षांनी जिंकणारा जवान हक्क मिळवितो, पण सतरा वर्षे गमावतो. २०१५ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर ह्यांनी अशा दाव्यांची संख्या घटविण्याचे उपाय सुचविण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली होती, ती ह्या पार्श्वभूमीवर.

सारांश, ह्या अपिलांत पुष्कळदा रोगाविषयी मतभेद नसतो. जवान अपंग आहे हे उभय पक्षांस मान्य असते. वाद असतो तो ‘सेवेत’ आणि ‘सेवेमुळे’ ह्यांमधील अंतर कोणी तोडावयाचे, ह्याविषयी. नियम बदलतात तसे हे अंतर कमीअधिक होते. परंतु ‘कारणे देऊन’ हे १९८२ च्या नियमातील दोन शब्द ह्या सर्व वादाचे मर्म सांगून जातात. ‘संबंध नाही’ असे लिहिणाऱ्या मंडळाने पुढे ‘कारण की’ हे शब्द लिहून वाक्य पूर्ण केले, तर त्या वाक्याचे परीक्षण करता येते. मग अपील फेटाळले गेले तरी ते का फेटाळले, हे जवानास कळते. ते वाक्य अपुरे राहिले की त्याचा उत्तरार्ध शोधण्यासाठी जवानास समितीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागते.